पेरलेली चूक

हँगरप्रमुख बेंद्रे साहेबांनी हात पुढे केला आणि कुंदाने आपला शिक्का त्यांच्या तळहातावर ठेवला. लाकडी मुठीचा, अंगठ्याएवढा रबरी शिक्का. सगळं जग कागद सोडून पडद्यावर गेलं तरी विमानाच्या इंजिनांच्या धंद्यात हा एवढा शिक्का टिकून राहिला होता. पडद्यावर कोणाचंही बोट चालतं, शिक्का ज्याचा त्यालाच मारावा लागतो. कुंदा डोंगरवार या बाईने हे इंजिन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते उडवायला हरकत नाही, एवढंच तो सांगायचा. तेवढ्या भरवशावर विमानभर माणसं ढगांमध्ये तोंड उघडं टाकून निवांत झोपायची.

साहेबांनी शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, की मंगळवारी तपासलेल्या विमानाच्या उजव्या इंजिनात एक चूक पेरलेली होती. चुंबकी प्लगची रिंग काढून ठेवलेली होती. कुंदाताईंना ती दिसली नाही आणि त्यांनी शिक्का मारला.

"तुमची नजर प्लगवरच होती. हे बघा," असं म्हणून त्यांनी तिच्याच कामाच्या चष्म्यातल्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र पडद्यावर लावलं. इंजिनाच्या पोटातला अंधार, त्यात बॅटरीच्या उजेडाचा गोल, आणि गोलाच्या बरोबर मध्यभागी प्लग. त्याच्या मानेपाशी रिंगेची जी बारीक काळी रेघ दिसायला हवी, ती नव्हती. शेंबड्या पोरालाही दिसावं इतकं ते स्पष्ट होतं.

तिने विचारलं, पेरणी कोणी केली. नियमाप्रमाणे नाव सांगायचं नसतं. साहेबांनी मात्र चहा विचारावा इतक्या सहजपणे सांगून टाकलं.

"प्रल्हाद गोतमारे."

शिक्का गेला याचं तिला वाईट वाटलंच, पण ते त्या क्षणी मागे पडलं. उजेडाचा तो गोल ज्याच्या हातातला होता, त्याचंच हे नाव होतं.

आता ही पेरणी काय भानगड आहे ते सांगायला हवं, नाहीतर नागपूरच्या विमानतळामागच्या हँगरमध्ये माणसं शेती करायची की काय असं कोणाला वाटायचं.

विमानाच्या इंजिनाचं काम एकजण करतो आणि दुसरा तपासतो. पद्धत जुनी आणि शहाणपणाची. तिच्यात एकच अडचण आहे, ती म्हणजे माणसाचा डोळा. डोळा काही कॅमेरा नाही. समोर काय असणार याचा अंदाज मेंदू आधी बांधून ठेवतो आणि डोळ्याकडून आलेली खबर त्या अंदाजाशी नुसती ताडून बघतो. जी वस्तू आजवर प्रत्येक वेळी जागेवर दिसली, ती एखाद्या दिवशी नसली तर मेंदू ती पदरची घालतो आणि सगळं ठीक आहे म्हणून कळवतो. चुका जितक्या विरळ, तितका हा आंधळेपणा जास्त. म्हणजे चांगलं काम करणाऱ्या कारखान्यातले निरीक्षक सर्वांत आंधळे. आहे की नाही गंमत?

यावर उपाय निघाला तो विमानतळाच्याच दारातून. सामान तपासणाऱ्यांची नजर मरू नये म्हणून त्यांच्या पडद्यावर मधूनच खोट्या पिस्तुलाचं चित्र सोडायची युक्ती फार पूर्वीपासून होती. इंजिन मात्र चित्र नव्हे. तिथे खोटी चूक करायची तर खराच हात लागतो. म्हणून 'कसोटी' आली. कसोटी म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यांवर एक चष्मा, कानात बोलणारं एक बटणाएवढं बोंडूक, आणि त्यामागे सगळ्यांच्या नजरांचा हिशेब ठेवणारी एक यंत्रणा. ती तंत्रज्ञाच्या कानात हळूच सांगायची : हा नट सैल ठेव, ही तार बांधू नकोस. निरीक्षकाला ते सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तर पेरणाऱ्याने पाळी संपण्याआधी ते दुरुस्त करायचं, आणि तोवर विमान कुलूपबंद. समजा पेरलेली चूक नजरचुकीने हँगरबाहेर गेलीच, तर त्यासाठी तंत्रज्ञाच्या पडद्यावर एक लाल बटण होतं, 'पेरणी परत'. ते दाबलं की विमान जिथे असेल तिथे अडकायचं. प्रश्न मागाहून विचारले जायचे.

युक्ती लागू पडली, हे खोटं नाही. नजरा तल्लख झाल्या. विमान कंपन्या कसोटी असलेल्या कारखान्यांनाच काम देऊ लागल्या. हँगरच्या भिंतीवर मोठी पाटी लागली, 'बाहेर गेलेल्या खऱ्या चुका : शून्य', आणि बेंद्रे साहेब येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याला त्या पाटीखाली उभं करून फोटो काढू लागले.

फक्त एक झालं. कसोटी पेरणीसाठी हात निवडायची, तो निरीक्षकाचा ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास असेल त्याचा. आंधळेपणा तिथेच दाट असतो, हे तिला आकड्यांवरून कळलेलं होतं. त्यामुळे हँगरमध्ये माणसं हळूहळू एकमेकांकडे पाहुण्यासारखं बघू लागली. एकत्र डबा खाणारी टोळकी फुटली. जिवलग म्हणावा असा माणूस जवळ ठेवणं परवडेनासं झालं.

एक जोडी तेवढी राहिली होती. कुंदा आणि प्रल्हादभाऊ.

कुंदा परवाना-परीक्षा देऊन साकोलीहून आली तेव्हा इंजिनाच्या आवाजानेच तिची छाती धडधडायची. प्रल्हादभाऊंनी पहिल्या दिवशी तिच्या हातातली बॅटरी काढून घेतली होती. म्हणाले, पोरी, एका हातात आरसा अन् दुसऱ्या हातात बॅटरी धरशील तर स्वतःले कोणत्या हातानं धरशील? तू पाह्य, उजेड मी धरतो. तेव्हापासून ते ठरूनच गेलं. प्रल्हादभाऊ काम करायचे आणि ती तपासायला शिडीवर चढली की खालून वाकून तिच्यासाठी उजेड धरायचे. जिथे काम केलं तिथे उजेड फिरायचा आणि उजेडामागे तिची नजर. नियमात हे बसत नव्हतं. ज्याने काम केलं त्याने तपासणाऱ्याला वाट दाखवायची नसते. पण दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही. तिला शिक्का मिळाला त्या दिवसापासून ते तिला चिडवायला मॅडम म्हणू लागले, एवढाच काय तो फरक पडला. त्यांच्या बायकोच्या, रेखावहिनींच्या हातची कोथिंबिरीची सांबारवडी दर आठवड्याला तिच्या डब्यात यायची.

असा माणूस. त्याने रिंग काढली आणि रिकाम्या जागेवर उजेड धरून तिला आंधळी होताना पाहत उभा राहिला.

कुंदा साहेबांच्या खोलीतून निघाली ती थेट प्रल्हादभाऊंकडे गेली. ते हत्यारं पुसत होते. तिने विचारलं, साहेब म्हणाले ते खरं का. त्यांनी मान वर केली नाही.

"सिस्टमनं सांगितलं, मी केलं," ते म्हणाले. "तुलेही सांगितलं असतं तं तूही केलंच असतं, मॅडम."

तिला मॅडम हा शब्द तेव्हा फार लागला. पुढच्या आठवड्यात रेखावहिनींचा डबा आला तो तिने झाकण न उघडता परत पाठवला. घरी नवऱ्याने समजूत घातली, की काही महिन्यांत फेरपरीक्षा होईल, शिक्का परत मिळेल, एवढं काय जिवाला लावून घेतेस. तो बिचारा बँकेत होता. बँकेत माणूस बदली होऊन येतो आणि बदली होऊन जातो. ज्याच्या हातातल्या उजेडाने आपल्याला बघायला शिकवलं त्यानेच तो फिरवला, हे त्याला कसं समजावणार? ती जेवली नाही, एवढंच त्याला कळलं.

शिक्का गेला की निरीक्षकाचा तंत्रज्ञ होतो. कुंदा पुन्हा पाने-पकडी घेऊन काम करू लागली. शर्वरी नावाची नवी निरीक्षक आली होती, हुशार पण शिडीवर चढताना पाय कापणारी. कुंदाने तिला नकळत तेच सांगितलं, तू बघ, उजेड मी धरते. तोंडातून शब्द गेले आणि तिला स्वतःचाच राग आला.

आणि एका दुपारी कुंदाच्या कानातलं बोंडूक बोललं. इंधनाच्या नळीला धरून ठेवणारी जी पट्टी असते, तिचा एक स्क्रू लावू नका.

तिने तो लावला नाही. नाही म्हणायची सोय नव्हती आणि खरं सांगायचं तर तिला थोडी सुडाची चवही आली, की बघू या, हे करताना माणसाला काय वाटतं. शर्वरी शिडीवर चढली. कुंदाने खालून उजेड धरला. पंख्याकडून सुरुवात, मग तेलाची टाकी, मग नळ्या. पट्टी जवळ आली तशी एक चमत्कारिक गोष्ट घडली. उजेडाचा गोल पट्टीवर थांबेना. कुंदा त्याला तिथे नेत होती आणि तो आपला खाली घसरत होता. तिने मनगट घट्ट केलं तर गोल थरथरू लागला. शेवटी तो पट्टीच्या कडेने निसटून पुढे गेला आणि शर्वरीची नजर त्याच्या मागोमाग गेली.

त्या पोरीने शिक्का मारला. कुंदाने स्क्रू बसवून टाकला आणि कँटीनमध्ये जाऊन बसली. तिला शरम वाटत होती. शर्वरीचा आपल्यावर विश्वास आहे, तो आपण असा वापरला, आणि उद्या त्या पोरीला साहेबांसमोर उभं राहावं लागणार. चहा पुढ्यात गार होत होता. ती आपल्या उजव्या मनगटाकडे बघत राहिली. ज्याला रिकामी जागा ठाऊक आहे त्याचा हात तिथे थांबत नाही. थांबवला तरी कापतो. मन कितीही घट्ट केलं तरी मनगटाला नाटक येत नाही.

मग प्रल्हादभाऊंचा हात कसा कापला नाही?

साहेबांनी दाखवलेलं चित्र तिने आठवून पाहिलं. प्लग बरोबर गोलाच्या मध्यभागी, आणि गोल स्थिर. घरातल्या दिव्यासारखा. पाहताना तिला वाटलं होतं, काय थंड काळजाचा माणूस हा. आता तेच चित्र तिला उलटं दिसू लागलं. तिथे रिंग नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी काम केलं, सगळं ठीक आहे असं मानलं आणि नेहमीसारखा उजेड धरला. दोघंही एकाच वेळी आंधळी झाली होती. कोणी काही पेरलं नव्हतं. ती खरी चूक होती.

इतक्या वर्षांचा मुरलेला हात रिंग विसरलाच कसा, हे बघायला ती चहा तसाच टाकून स्टोअरकडे चालू लागली.

स्टोअरमध्ये पूर्वी गुलाबराव शेंडे बसायचे. ते उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक स्वयंचलित कपाट आलं. काय हवं ते सांगा, खण उघडतो. कुंदाने चुंबकी प्लग मागितला. हा प्लग इंजिनाच्या तेलात बुडलेला असतो. आत कुठे झीज होऊन लोखंडाचा कण सुटला तर त्याच्या चुंबकाला चिकटतो आणि आजार आधी कळतो. तेल बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या मानेत एक रबरी रिंग बसवायची असते. खण उघडला. एका पाकिटात प्लग होता. रिंग वेगळ्या पाकिटात, खणाच्या पार मागच्या कोपऱ्यात, शोधली तरच दिसेल अशी.

गुलाबराव असे देत नसत. ते स्वतः जुने फिटर. प्लग द्यायच्या आधी रिंग काढून, तेलाचं बोट फिरवून, मानेत बसवून, मगच खिडकीतून पुढे सरकवायचे. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांची हौस. हँगरमधल्या सगळ्यांना तयार रिंगेचा प्लग हातात घ्यायची सवय लागली होती. प्रल्हादभाऊंना तर सर्वांत जास्त. रिंग वेगळी बसवावी लागते हे त्यांचा मेंदू जाणत होता, त्यांचे हात विसरून गेले होते.

आणि हात एकदा विसरले, तर ते एकदाच कशाला विसरतील?

प्रल्हादभाऊ हत्यारांच्या खोलीत एकटे होते. कुंदाने दार लोटून घेतलं आणि कपाटातून आणलेली दोन्ही पाकिटं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पाकिटांकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. मग काही विचारावं लागलं नाही. ते आपणच बोलू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इंजिनाखाली तेलाचा डाग दिसला होता. साहेबांनी त्यांना बोलावून दार लावलं. म्हणाले, विमान अजून आपल्याकडेच आहे, कोणाचं काही बिघडलेलं नाही. खरी चूक म्हणून नोंदवली तर तुमची नोकरी जाईल आणि कारखान्याची पाटीही. कसोटीत हाताने नोंद घालायची मुभा मला आहे, पेरणी म्हणून नोंदवली तर डोंगरवारांचा शिक्का काही महिने जाईल, तेवढंच. त्या तरुण आहेत, परत मिळवतील.

"अन् तुम्ही हो म्हटलं."

"निवृत्तीले दोन वर्षं राह्यले माहे. मले वाटलं, तुले राग येईन, मंग जाईन." ते थांबले. "तुले मी लेकीसारखं समजतो, कुंदा."

"लेकीले कोणी असं विकते का, भाऊ?"

चूक झाली याचा तिला राग नव्हता. चूक तिचीही होती, रिकाम्या जागेवर तिनेही शिक्का मारला होता. ते येऊन म्हणाले असते, पोरी, आपण दोघं चुकलो, तर ती त्यांच्या शेजारी उभी राहून साहेबांपुढे गेली असती. त्यांनी तिला एकटीलाच पुढे केलं आणि वर पुन्हा मॅडम म्हणाले.

पण ते दुखणं तिने बाजूला ठेवलं. तिने विचारलं, कपाट आल्यापासून आणखी कोणत्या विमानाचे प्लग तुम्ही बदलले.

प्रल्हादभाऊंनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, केटीचे. त्याच आठवड्यात, त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी. शेपटीवरच्या शेवटच्या दोन अक्षरांवरून त्या विमानाला सगळे केटी म्हणत.

"एका इंजिनाचे का दोन्ही?"

"दोन्ही. माणसं कमी होती. अन् तपासलं तूच होतं."

कुंदाने दाराची कडी धरली. विमानाला दोन इंजिनं असतात ती एक बंद पडलं तर दुसऱ्यावर उतरता यावं म्हणून. एकाच माणसाने एकाच दिवशी एकच चूक दोन्हीकडे केली, तर त्या दुसऱ्या इंजिनाला काही अर्थ उरत नाही. तेल थेंबाथेंबाने झिरपतं, आतल्या आत पसरतं आणि उडताना वाऱ्याबरोबर निघून जातं, म्हणून रात्रभर उभ्या राहिलेल्या त्या विमानाखाली पडला तसा जमिनीवर डागही पडत नाही. मग एक दिवस कंपनाने प्लग थोडा हलतो आणि थेंबांची धार होते. तेल संपलेलं इंजिन फार वेळ फिरत नाही, आणि दोन्हीतलं तेल साधारण एकाच सुमाराला संपायला निघालेलं.

"साहेबांना सांगितलं?"

"सांगितलं. म्हणे, पाह्यतो."

ती जवळजवळ धावतच धावपट्टीकडच्या दाराशी गेली. विमानांच्या इंजिनांत तेल घालणारा बाबर नावाचा ओळखीचा माणूस तिथे होता. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, केटीचं कसं काय. तो हसून म्हणाला, अलीकडे लई तेल पिऊन राह्यली ताई ते, दरवेळी मागच्यापेक्षा जास्त टाका लागते. आत्ताच भरून आलो. बंगळुरूले चालली, लोक चढून राह्यले.

बेंद्रे साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त पाटीच्या प्रेमात पडलेला होता. ते म्हणाले, तेलाचं प्रमाण अजून मर्यादेत आहे. शनिवारी केटी आपल्याकडे येणारच आहे, तेव्हा गुपचूप बघून घेऊ. आत्ता थांबवायचं तर कारण द्यावं लागेल. कारण दिलं की मागचंही निघेल. परदेशी कंपनीची माणसं पुढच्या आठवड्यात करार करायला येत आहेत, चारशे घरं या हँगरवर चालतात, याचा विचार करा.

"शनिवारपर्यंत ते विमान किती वेळा उडेल, सर?"

साहेबांनी ड्रॉवरवर हात ठेवला. ते म्हणाले, तुमचा शिक्का मी उद्याच परत देतो. फेरपरीक्षाही नको.

तिला क्षणभर मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. ड्रॉवर तिच्यापासून हातभर अंतरावर होता. मग तिने विचार केला, कोणाला सांगावं. वरच्या सरकारी कार्यालयात तक्रार केली तर तक्रारीची पोच येईल, विमान थांबणार नाही. वैमानिकाला गाठलं तर तो कागद बघेल, कागदावर कुंदाचाच शिक्का आणि कुंदा तर आंधळी ठरलेली. खरी चूक सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायची सोय त्या सगळ्या व्यवस्थेत कुठेच उरली नव्हती. व्यवस्थेचा विश्वास होता फक्त पेरलेल्या चुकीवर.

हे लक्षात आलं तेव्हा ती जिन्यात होती. ती तिथेच उभी राहिली.

लाल बटण तंत्रज्ञांना असतं. आणि साहेबांच्याच कृपेने ती आता तंत्रज्ञ होती.

याचा अर्थ काय होतो ते तिला पुरतं कळत होतं. केटीमधल्या चुका मी पेरल्या, असं तिने स्वतःच्या नावाने लिहायचं. कसोटीने न सांगता पेरणी करणं हा सर्वांत मोठा गुन्हा. त्याला माफी नाही, फेरपरीक्षा नाही, शिक्का कायमचा जातो. आणि वर ती खरी चूक पेरणी म्हणून पुसली जाईल. प्रल्हादभाऊ सुटतील. साहेब सुटतील. पाटीवरचं शून्य शून्यच राहील. ज्या खोट्याने तिचा घात केला, तेच खोटं तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावावर पुन्हा लिहायचं होतं. तिला रडू आलं आणि रागही आला. जिन्याच्या खिडकीतून केटी दिसत होतं. शिडीवरून शेवटची माणसं चढत होती, कोणीतरी एका म्हाताऱ्या बाईची पिशवी वर घेत होतं.

कुंदाने पडदा उघडला, विमान निवडलं, दोन्ही इंजिनं निवडली आणि बटण दाबलं.

केटीच्या नाकाच्या टोकाचा, विमान अडवल्याचा लाल दिवा लागला. थोड्या वेळाने माणसं पुन्हा खाली उतरू लागली, कपाळाला आठ्या घालून, फोन कानाला लावून. कोणीतरी विमान कंपनीच्या नावाने बोटं मोडत होतं. त्यांच्यापैकी एकालाही कधी काही कळणार नव्हतं, आणि ते बरंच होतं.

नियम असा, की पेरणाऱ्याने चूक स्वतः दाखवायची आणि एका तंत्रज्ञाने साक्षीला उभं राहायचं. साहेबांनी प्रल्हादभाऊंना पाठवलं. दुसऱ्या कोणाला पाठवणं त्यांना शक्यच नव्हतं. साहेब स्वतःही आले आणि चार पावलं लांब सावलीत उभे राहिले. कुंदा जवळून गेली तेव्हा हळूच म्हणाले, बरं केलंत तुम्ही. तिला ते शिवीपेक्षा वाईट लागलं. ती काही न बोलता शिडी चढली.

भर दुपारचं ऊन होतं, पण इंजिनाच्या पोटात अंधारच असतो. सवयीने तिने आरसा घेतला. सवयीने प्रल्हादभाऊंनी खालून बॅटरी लावली. आतलं सगळं तेलाने ओलं झालेलं होतं. उजेडाचा गोल नळ्यांवरून सरकत प्लगपाशी आला आणि थरथरू लागला. प्रल्हादभाऊंनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तरी तो हलतच राहिला.

तिने प्लग सोडवून बाहेर काढला. मान रिकामी होती. तिने तो खाली धरून दाखवला. साहेबांनी पाहिलं, मान हलवली आणि आपल्या पडद्यावर नोंद केली. पेरलेली चूक, परत घेतली.

मग कुंदा थांबली. प्रल्हादभाऊंना बोलायला एवढीच वेळ होती. हे हिनं नाई, मी केलं, एवढं एक वाक्य. साहेब चार पावलांवर होते. इंजिनापाशी कसोटीचा चष्मा डोळ्यांवर होता, बोललेलं कायमचं टिपलं गेलं असतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले.

"हात कापून राह्यला माहा," ते म्हणाले. "वय झालं."

"त्या दिवशी नव्हता कापत, भाऊ."

त्यांनी बॅटरी खाली घेतली. कुंदा दोन पायऱ्या उतरली आणि ती त्यांच्या हातातून काढून घेतली. खिशातून रिंगेचं पाकीट काढलं, रिंगेवर तेलाचं बोट फिरवलं, गुलाबराव फिरवायचे तसं, आणि ती प्लगच्या मानेत बसवली. नखाने चाचपून पाहिली. मग पुन्हा वर चढून बॅटरी दातांत धरली आणि दोन्ही हात आत घातले. आरसा धरायला हात उरला नाही, तेव्हा तिने मान वाकडी करून डोकंच आत घातलं.

प्लग बसला. काळी रेघ दिसली. ती खाली उतरली, शिडी खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या इंजिनाकडे एकटीच चालत गेली.